पांढरा देठ

तिसऱ्या मजल्यावर, बाकांसमोरच्या भिंतीवरच्या पडद्यावर मेंग सर बोलत होते आणि मी सकाळच्या रुग्णांची यादी हातात घेऊन त्यांच्या खालून चालले होते. त्या पडद्याचा आवाज एरवी बंद असतो, आज कुणा आजोबांनी तो वाढवला होता. मी थांबणार नव्हते. सरांचा चेहरा या हॉस्पिटलात लिफ्टच्या दारापासून चहाच्या यंत्रापर्यंत कुठेही भेटतो, आणि पडलेल्या दाताच्या जागेची जिभेला होते तशी मला त्याची सवय झाली आहे. पण तेवढ्यात सर म्हणाले, "माझी आई दर नोव्हेंबरात कोबी खारवायची. मिठाच्या पाण्यातून एक पान काढायची, जिभेवर ठेवायची, आणि मीठ आतपर्यंत पोचलं की नाही ते तिला कळायचं. या यंत्राची कल्पना मला तिथे सुचली." बाकांवरच्या बायका हळहळल्यासारख्या हसल्या. एक म्हणाली, "बघा, एवढा मोठा माणूस, पण आईला विसरला नाही." दुसरी म्हणाली, "आमचा मुलगा किमजांगच्या दिवशी, घरात वर्षाच्या कोबीची किमची घालतो तेव्हा, फोनसुद्धा उचलत नाही." मी भिंतीला टेकले. माझी पावलं थांबली ती 'आई' या शब्दाने नव्हे. 'जिभेवर' म्हणाले म्हणून थांबली.

माझ्या आईने पान कधी जिभेवर ठेवलं नाही. देशाच्या दक्षिण टोकाला, हेनामच्या आमच्या अंगणात, समुद्रावरून बोचरा वारा येत असताना, दोनशे कोबी उभे चिरून मिठाच्या पाण्यात निजवलेले असायचे आणि आई त्यांच्यामधून रबरी बूट घालून फिरायची, वाफ्यांतून फिरावं तशी. हाताला येईल तो कोबी उचलायची, पानाचा पांढरा जाड देठ दोन बोटांत धरायची आणि वाकवायची. कट्‌ वाजला की परत पाण्यात. न वाजता ओणवा झाला, एखाद्या शहाण्या सुनेसारखा, की बाहेर. मी सात-आठ वर्षांची असताना एकदा पान चाखून म्हणाले होते, "आई, झालाय गं, खारट लागतोय." तिने माझ्या हातातून ते पान काढून घेतलं. "जिभंला काय कळतंय? जीब वरवरचं सांगती. वरनं समदीच पानं खारट लागत्यात. वाकवून बघ, आतनं कच्चं आसंल तर मोडंल." आणि मग पुढच्या ओळीकडे जाताना गुणगुणायची, तिचं तिनेच जोडलेलं:

मीठ पेरते पानोपानी,
पानांमधनं निघंल पाणी,
वाक गं माझ्या पांढऱ्या देठा,
मोडू नको गं माझ्या हाती.

ज्याने एकदा तरी दोनशे कोबी खारवले आहेत तो चाखायची गोष्ट सांगणार नाही. सरांनी गोष्ट चोरली ती चोरली, वर नीट चोरलीसुद्धा नाही. घरात घुसलेल्या माणसाने देवघरातली समई उचलावी आणि रस्त्यात त्याच समईने शेंगदाणे फोडत बसावं, तसं मला झालं. हातातल्या यादीच्या कागदाची कड घामाने मऊ झाली होती. यादीत दहा वाजताच्या रकान्यात नाव होतं: मेंग ग्वांगहो, वय सहासष्ट, चकती क्रमांक एक.

चकती म्हणजे त्यांची नव्हे, माझी. शर्टाच्या गुंडीएवढी, काचेच्या पातळ कवचात बंद, आत केसासारख्या तांब्याच्या तारेचं वेटोळं, आणि पोटाला चार सोनेरी ठिपके. ती छातीच्या कातडीखाली ठेवायची. तिला स्वतःचा प्राण नाही, बॅटरी नाही. बाहेरून दुसरं वेटोळं जवळ धरलं की ती जागी होते, आजूबाजूच्या मांसातून मुंगी चालावी एवढी वीज सोडते आणि मांस त्या विजेला किती अडवतं ते सांगून पुन्हा निजते. मांस कोरडं, निरोगी असेल तर ते अडवतं. हृदय थकलं, छातीत पाणी साचू लागलं की वाट मोकळी होते, अडवणं कमी होतं; माणसाला धाप लागायच्या कितीतरी आधी. पहिल्या नऊ चकत्यांची वेटोळी मी या हातांनी गुंडाळली, भिंगाखाली, श्वास धरून. तेव्हा मी सरांच्या प्रयोगशाळेत होते; आता या हॉस्पिटलात त्याच चकत्यांची मोजणी घेते. आणि चकती खरं सांगते का हे पाहायला मी काय घेतलं होतं? कोबी. आईने हेनामहून पाठवलेल्या खोक्यातला एक. ताज्या पानात सावकाश बदलणारी वीज पेशींना वळसे घालत जाते, भराभर बदलणारी वीज पेशींच्या भिंती ओलांडून सरळ जाते. म्हणून पडद्यावर दोन रेषा येतात, एकमेकींपासून लांब. पान खारवत जातं तशा भिंती ढासळतात, आणि दोन्ही रेषा जवळ येत येत एक होतात. देठ वाकतो त्याच तासाला. त्या दिवशी मी आईला फोन करून सांगितलं होतं, "आई, तुझी बोटं मी यंत्रात घातली." ती म्हणाली, "मग माझ्या हाताला काय ऱ्हायलं?" आणि खूप हसली, मग खूप खोकली. तो खोकला मी ऐकला. ऐकला, पण वाकवून पाहिला नाही.

सर एकदा हेनामला आलेही होते, आमच्या किमजांगला. नवी गाडी दाखवायची होती त्यांना बहुधा कुणाला तरी. आईने तिखटात बरबटलेल्या हातांनी ताज्या किमचीची गुंडाळी करून थेट त्यांच्या तोंडात भरवली, काम करणाऱ्या प्रत्येकाला भरवायची तशी. सरांनी काम काही केलं नव्हतं. "खा लेकरा," ती म्हणाली, "शिकलेल्या मानसांचं हाल आसत्यात जेवनाचं." सरांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तिखटाने असेल. त्यानंतर दोन वर्षांनी आई अंथरुणाला लागली, पाय सुजले, आडवं होता येईना. मी रजा मागितली. सर म्हणाले, "सुन्हे, चार दिवस थांब फक्त. सोलहून माणसं येताहेत. कोबीचा तो प्रयोग तुझ्याइतका छान कुणाला दाखवता येत नाही." मी थांबले. तिसऱ्या दिवशी दुपारी, काळ्या सूटमधल्या सहा माणसांसमोर मी कोबीच्या पानातलं पाणी मोजत उभी होते, तेव्हा अडीचशे किलोमीटरवर माझी आई स्वतःच्या छातीतल्या पाण्यात बुडाली. चकत्या तेव्हा नऊ तयार होत्या. सगळ्या कप्प्यात, कापसावर. क्रियाकर्म आटोपून, वर्षश्राद्धासाठी कुठल्या रजा उरतील याचा विचार करत मी परतले तर शोधनिबंध छापून आला होता. माझं नाव वरून खाली घसरत शेवटच्या परिच्छेदात गेलं होतं, आभारांमध्ये, काचेची भांडी पुरवणाऱ्या माणसाच्या शेजारी. मी सरांच्या खोलीत गेले. ते कुंडीतल्या झाडाची पानं पुसत होते. "तू नव्हतीस ना तेव्हा," ते म्हणाले, अगदी मायेने. "जो हजर असतो त्याचं नाव लागतं." ते वाक्य मी सहा वर्षं दाढेखाली धरलं आहे. चावत नाही, गिळत नाही.

बोरामने दार ढकललं. ही माझ्या हाताखालची नर्स, सव्वीस वर्षांची, तिला प्रत्येक गोष्टीचं कौतुक. "ताई, आले! स्वतः आले, जिन्याने. मी फोटो मागू का? चांगलं दिसेल का ते?"

"आधी पट्टी आण. मग माग फोटो."

"तुम्ही त्यांच्याकडे होतात ना पूर्वी? कसे आहेत हो?"

"चवीने खाणारे," मी म्हणाले.

सर आत आले. दाराशी क्षणभर थांबले, चौकटीला हात लावून, जणू खोली पाहताहेत. पण ते खोली पाहत नव्हते, श्वास गोळा करत होते, मला दिसलं. मागच्या खेपेलाही दिसलं होतं. "अरे, सुन्हे! अजून इथेच? मला वाटलं मागच्या खेपेनंतर लग्नबिग्न करून मोकळी झाली असशील."

"तुमची चकती सोडून कुठे जाऊ, सर."

ते मोठ्याने हसले, हसू मध्येच तुटलं. "लिफ्टला ही रांग. म्हातारे सगळे. म्हटलं आपण तरुणांनी जिना चढावा." ते खुर्चीत बसले, खाटेवर नाही. बुटांच्या नाड्या सैल सोडलेल्या. "बूटसुद्धा आखडलेत या वर्षी. हल्ली चामडं चांगलं येत नाही." बोराम कौतुकाने हसली. मी त्यांच्या घोट्यांकडे पाहिलं. मोज्याची कड मांसात रुतली होती.

हे सगळं मला नवं नव्हतं. आता सांगायला हवं, कारण मी ते कुणालाच सांगितलेलं नाही. पाच आठवड्यांपूर्वी सर आले तेव्हा मी नेहमीच्या यंत्राने मोजणी घेतली. पडद्यावर हिरवी रेषा, सरळ, रुळासारखी. सगळे खूश. पण जिवंत माणसाची रेषा इतकी सरळ नसते, ती दिवसाकाठी हलते, जेवणाने हलते, रडण्याने हलते. सरांनी खर्च वाचवायला आणि निबंध सुटसुटीत करायला माझ्या दोन रेषांतली एक काढून टाकली होती. नव्या यंत्रात एकच उरली. आणि शरीर परक्या वस्तूभोवती वेष्टण विणतं, वर्षभर विणत राहतं, ते वेष्टण विजेला अडवतं. एकीकडे वेष्टण वाढत होतं, दुसरीकडे पाणी वाढत होतं. एक अडवणं वाढवतं, एक कमी करतं. दोघांची बरोबरी होऊन रेषा सरळ. वरून खारट, म्हणून झाला म्हणायचं. त्या दिवशी बोराम जेवायला गेल्यावर मी कप्प्यातलं माझं जुनं, हाताने जोडलेलं यंत्र काढून सरांच्या छातीवर धरलं होतं. "हे काय, संग्रहालयातलं?" असं ते म्हणालेही. दोन रेषा आल्या. वेष्टण दोघींना सारखंच अडवतं, त्यामुळे दोघींमधलं अंतर खोटं बोलू शकत नाही. ते अंतर बोटभरही उरलं नव्हतं. मी कागद छापून घेतला, घडी केला, पँटच्या खिशात ठेवला, आणि म्हणाले, "छान आहे, सर. पाच आठवड्यांनी या."

पाच आठवडे तो कागद माझ्या मांडीला घासत होता. बसमध्ये, जेवताना, गाप्चॉन नदीच्या काठाने चालताना मी हात घालून त्याची घडी चाचपायचे, आणि मला ऊब वाटायची. खोटं का सांगू? मी मनात दिवस मोजले. आता पाय. आता तीन उशा. आता खुर्चीत बसून झोप. आईचं एकेक दुखणं मी त्यांच्या अंगावर चढवत होते, नवरदेवाला एकेक दागिना घालावा तसं. मी काहीच करत नव्हते. मी फक्त हजर नव्हते. जो हजर असतो त्याचं नाव लागतं. इथे माझं नाव कुठेच लागणार नव्हतं. सगळं किती नीटनेटकं होतं.

"परवा सोलला कार्यक्रम आहे," सर बोरामला सांगत होते. "तेराशे माणसं. मी माझ्या स्वतःच्या छातीची रेषा दाखवणार. चौदा महिने, एक चढ नाही, एक उतार नाही. आणि सुरुवात आईपासून करणार."

"कोबीची गोष्ट!" बोराम म्हणाली. "बाहेर लागलीये, सर. मला रडूच आलं."

"सगळ्यांना येतं," सर म्हणाले. "परवाच घरी किमजांग झालं. ताजी किमची भातावर अशी ओरपली की बायको ओरडली, मीठ कमी खा म्हणून. म्हटलं, आईच्या हाताची आठवण आहे, खाऊ दे."

मी त्यांच्या छातीवर वेटोळं धरलं. माझे हात गार होते, ते शहारले. आणि तिथे, हिरवी रेषा पडद्यावर सरसरत येत असताना, मला परवानंतरचं सगळं दिसलं. तेराशे माणसं. टाळ्या. मग आठ दिवसांनी, पंधरा दिवसांनी बातमी. सगळ्या भिंतींवर पुन्हा हाच चेहरा, काळ्या फितीचा, आणि खाली ही गोष्ट, पान जिभेवर ठेवणाऱ्या त्या आईची. मेलेल्या माणसाचं बोलणं कुणी खोडत नाही. माझी आई त्यांच्या तोंडात जाऊन त्यांच्याबरोबर पुरली जाणार होती, आणि तीही चुकीची, चाखणारी. मी मोजलेले दिवस माझ्याच अंगावर कोसळले. हा माणूस जगायला हवा. मला तो जगायला हवा होता, तहानलेल्याला पाणी हवं तसा. गोष्ट परत घ्यायला तोंड लागतं, आणि तोंडाला श्वास.

"बोराम," मी म्हणाले, "माझ्या कप्प्यातलं जुनं यंत्र दे."

"परत संग्रहालय?" सर म्हणाले.

दोन रेषा आल्या. आता त्या दोन नव्हत्याच. मी त्यांच्यासमोर खाली बसले, त्यांचा मोजा उतरवला. सर अवघडले. "अगं, पाय कशाला..." नडगीवर मी अंगठा टेकवला, दाबला, मनात पाचापर्यंत मोजलं, उचलला. खळगा तसाच राहिला. कट्‌ वाजलं नाही. वाकला.

"हे कोबी खारवलेल्याला कळतं, सर," मी म्हणाले. "पान चाखत नाहीत. देठ वाकवतात."

ते त्या खळग्याकडे बघत राहिले. हुशार माणूस, त्यांना अजून कुणी काही समजावून सांगावं लागत नाही. नजर पडद्याकडे गेली, एकत्र आलेल्या रेषांकडे, मग हिरव्या रुळाकडे, मग परत पायाकडे. "वेष्टण," ते हळूच म्हणाले. "वेष्टणाने झाकलं."

"दुसरी रेषा तुम्ही काढलीत."

"कुणाला कळवलंस?"

"आता कळवते. आजच दाखल व्हावं लागेल. सोल नाही."

"सोलहून परतेपर्यंत थांबता नाही येणार? चार दिवस तर..." ते बोलता बोलता थांबले. चार दिवस. ते शब्द त्यांनाही कुठूनतरी ओळखीचे वाटले असावेत. किंवा वाटले नसतील, मलाच तसं हवं असेल. बोराम पट्टी हातात धरून उभी होती, तोंड उघडं.

"दाखल व्हायचं तर या मोजणीवर तुमची सही लागते," मी म्हणाले. "ही खरी म्हणून सही केली की ती सरळ रेषा खोटी ठरते. चौदा महिन्यांची. नाही केलीत तर ती खरी, आणि तुम्ही जिना उतरून घरी जाऊ शकता." नव्या मोजणीच्या कागदावर पद्धतीच्या रकान्यात मी लिहिलं होतं: देठ वाकवून, जांग मालसुन यांची. आईचं नाव. रुग्णांच्या कागदांत असं लिहीत नाहीत. मी सहा वर्षांत एकही चूक केली नव्हती, ही पहिली.

सरांनी नाव वाचलं. "ही कोण?"

"जिने तुम्हाला भरवलं ती."

त्यांचे ओठ हलले. मला माहीत आहे, त्यांना आठवलं. माणसाला नाव आठवत नाही, तिखट आठवतं. ते काहीतरी चांगलं बोलण्याच्या बेतात होते, ते मला अजिबात नको होतं. मी खिशातून दुसरा कागद काढला, घड्या मऊ पडलेला, आणि नव्या कागदाशेजारी मांडला. तो ठेवायची काही गरज नव्हती. नव्या एकट्यानेही काम झालं असतं, आणि मी उद्याही इथे कामावर आले असते.

त्यांनी दोन्ही कागदांवरच्या रेषा पाहिल्या, मग जुन्या कागदावरची तारीख.

"पाच आठवडे," ते म्हणाले.

"हो."

"तुला माहीत होतं."

"तेव्हा मी हजर नव्हते, सर."

बोराम रडू लागली होती, किंवा तसं मला वाटलं. सरांनी पेन मागितलं नाही, स्वतःच्या खिशातलं काढलं. त्यांच्या श्वासातून पाण्याचा आवाज येत होता, दूर कुठेतरी भिजवलेल्या वाफ्यात कुणी चालावं तसा. त्यांनी नव्या कागदावर सही केली. मग जुना उचलला, घडी घातली, पहिल्यासारखी, आणि माझ्याकडे न देता, फाडूनही न टाकता, आपल्या खिशात ठेवला. मग बोरामकडे वळून, मान खाली घालून म्हणाले, "मुली, बाहेरचं ते बंद करायला सांग. कोबी हिच्या आईचा होता. आणि ती चाखत नव्हती."

हेच ऐकण्यासाठी मी सहा वर्षं जगले होते. मी वाट पाहिली, आतून काही उसळून येईल म्हणून. बोराम बाहेर पळाली, वरच्या मजल्यावर फोन वाजला, भिंतीवरचा आवाज मध्येच तुटला. मी खालीच बसले होते, त्यांचा उघडा पाय माझ्या गुडघ्यावर. नडगीवरचा खळगा अजून भरला नव्हता. तळाशी माझ्या अंगठ्याच्या रेषासुद्धा दिसत होत्या, नांगरल्यासारख्या. आम्ही दोघंही तो भरायची वाट पाहत राहिलो.